यंदाच्या खसचा वास

२८ मार्च २०२४, गुरुवार. होळीनंतर आज पहिले खरे ऊन. चंपतराव सकाळी येऊन कूलर लावून गेले. ताट्या नव्या. चहा उभ्यानेच घेतला. माया आली नाही, तिच्या मुलीचा पेपर. पोळ्या मीच केल्या. दुपारी कूलर सुरू केला. खोलीत विचित्र वास. मोरी, फ्रीज, कपाटामागची जागा पाहिली. काही सापडले नाही. कूलरच्या खिडकीशी करडे मांजर दुपारभर बसून होते.

रोजनिशी लिहायची सवय मला शाळेत लागली. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, काय झाले ते वहीत लिहा, काय वाटले ते देवाजवळ बोला. त्यामुळे माझ्या वह्यांत ऊन-पाऊस, पाहुणे, दुरुस्त्या आणि भाज्या सापडतात. मला त्या दिवशी काय वाटले ते सापडत नाही. यंदाच्या एप्रिलात जे वाटत राहिले ते तसे टाकून देता येईना. म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे.

चंपतराव आमच्या प्रतापनगरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आमच्याकडे नवा लोखंडी कूलर आला होता आणि माझे यजमान त्यात गवत भरायला निघाले होते. चंपतरावांनी ते गवत हातात घेतले, नाकाला लावले आणि म्हणाले, "साहेब, हे बैलाले द्या. तुमाले मी खस लावून देतो." वाळ्याला नागपुरात सगळे खसच म्हणतात. त्या मुळ्यांची बांबूच्या चौकटीत विणलेली ताटी कूलरच्या तिन्ही बाजूंना लावायची, तिच्यावरून पाणी सोडायचे, की पंख्याच्या वाऱ्याबरोबर घरभर तो वास पसरतो. त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात ताट्या त्यांच्याच.

उमरेडकडच्या खेड्यातून ते लहानपणी नागपूरच्या महाल भागात मामाकडे आले. मामा सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांना खसचे पडदे लावून द्यायचा. चपराशी दिवसभर त्यांच्यावर पाणी शिंपडत आणि आत साहेब लोक फायली पाहत. पुढे कूलर आले, पडदे गेले. चंपतराव कूलरच्या ताट्या विणू लागले. आता लोकांनी एसी घेतले, नाहीतर ते जाळीदार कागदी पॅड. चंपतराव तेही बसवून देतात, पण बल्ब बदलावा तसे, मान वर न करता.

खसचे काम मात्र वेगळे. ताट्या बसल्या, पाणी सुरू झाले, की ते आम्हाला गप्प बसवत. हात पुसत कूलरसमोर उभे राहत, डोळे मिटत. खोलीत पाण्याच्या ठिबकण्याखेरीज आवाज नसे. मग ते म्हणत, "आला." एवढेच. त्यानंतरच ते खुर्चीवर बसत आणि चहा घेत. माझे यजमान गेले त्या वर्षीही ते आले, ताट्या लावल्या, "आला" म्हणाले, आणि मग चहाचा कप हातात धरून रडले.

यंदा ताट्या बसल्यावर ते कूलरसमोर उभे राहिले, डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आला न?"

मी काही बोलायच्या आतच ते पिशवी आवरू लागले. पाणी नुकतेच सुरू झाले होते, मला काही कळलेही नव्हते. चहा त्यांनी दारात उभ्यानेच संपवला. पण इतक्या वर्षांत त्यांनी तो शब्द विचारला कधीच नव्हता. तेवढे मात्र मनाला खुपले.

वास दुपारी सुरू झाला. आधी मला वाटले मोरी तुंबली. मग वाटले कपाटामागे उंदीर मेला. देवघरात गेले तर तिथेही तोच. कूलर बंद केला की मंदावे, सुरू केला की वाढे, हे माझ्या लक्षात आले होते, पण खसला असा वास येऊच शकत नाही, म्हणून मी त्या दिशेने विचारच केला नाही. उलट स्वतःच्या नाकावर शंका घेतली. माझी आई शेवटी शेवटी सगळीकडे जळके तूप आहे म्हणायची. घरात तुपाचा थेंब नसायचा. मी खिडक्या उघडून पाहिल्या, बंद करून पाहिल्या. रात्री नीट झोप नाही.

सकाळी माया आली. चप्पल काढतानाच थांबली.

"बाई, घरात सुकट भाजली का कोणं?"

इतके बरे वाटले मला! "तुलाही येतोय ना वास?"

"मले? अवो, गल्लीच्या तोंडापासून येऊन राहिला. मले वाटलं, बाईनं या वयात मासे खायले सुरुवात केली." ती वास घेत घेत कूलरपाशी गेली आणि ताटीवर वाकली. "हे पाहा. इथंच हाय तुमची सुकट. तरीच हा मांजर इथून हलून नाही राहिला."

तेवढ्यात शेजारच्या इंदुताईंचा फोन आला. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, चातुर्मासात कांदाही न खाणाऱ्या. "अहो वहिनी, समोरच्या बांधकामावरचे मजूर मासे भाजतात बघा. मी आत्ता सुपरवायझरला चांगलं झापून आले. तो म्हणतो, मॅडम, आमच्याकडे सगळे माळकरी आहेत."

"इंदुताई, तुमचा कूलर चंपतरावांनीच लावला ना?"

"हो, परवाच. का हो?"

"तो बंद करा आणि पाच मिनिटं थांबा."

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा फोन केला आणि नुसत्या "अहो वहिनी, अहो वहिनी" करत राहिल्या. देवघराच्या खिडकीतच त्यांचा कूलर आहे.

मी चंपतरावांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, घामाघूम, मोपेडवरून थेट हुडकेश्वरहून. आल्या आल्या ताटीला नाक लावले.

"बाई, खसचाच तर हाय."

"काका, तुमाले नाक हाय का नाही?" माया ओट्यापाशी होती, तिथून बोलली. "सुकटीचा बाजार भरला इथं, आन् तुम्ही म्हणता खस!"

"तू चूप राय वं. तुले काय समजते खसमधलं? नवीन माल हाय, दोन दिवस थोडा उग्र राहते."

"उग्र? मांजराले विचारा!"

माझ्याकडे न पाहता ते बोलतच राहिले. यंदाचा माल शहराबाहेर वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाउनमधून उचलला, पेंढ्या चांगल्या लांब मुळ्यांच्या, व्यापारी नेहमीचा नाही पण माणूस बरा. बोलताना ते ताटीच्या मुळ्या ओढून सरळ करत होते, पुन्हा वाकड्या करत होते. आणि मला जळल्याचा वास आला. मायालाही आला असणार, कारण ती "दूध, दूध!" म्हणत गॅसकडे धावली. गप्पांच्या नादात दूध उतू जाऊन करपले होते. खोली धुराने नाही, पण करपल्या दुधाच्या वासाने भरून गेली. तो वास कुणाला कळत नाही?

चंपतराव आमच्या दोघींकडे पाहत होते. "काय झालं?" त्यांनी विचारले.

माया पातेले हातात धरून उभी राहिली.

चंपतराव खुर्चीवर बसले. "आला" न म्हणता ते पहिल्यांदाच आमच्या घरी बसले.

नाताळच्या आठवड्यात त्यांना ताप आला होता, सर्दी झाली होती. ताप गेला, सर्दी गेली आणि तिच्याबरोबर वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणार नाही, वाट पाहा. आधी त्यांना वाटले जेवणच बेचव झाले आहे. मग एक दिवस मोपेडमध्ये पेट्रोल भरताना लक्षात आले की पंपावर काहीच वास नाही. "काही म्हणजे काहीच नाही, बाई. जसा टीव्हीचा आवाज बंद करून चित्र पाहून राहिलो."

मग ही खस? वाडीच्या गोडाउनात त्यांच्या पेंढ्या सुकटीच्या पोत्यांसोबत एकाच ट्रकमधून उतरल्या असणार, त्यांचे त्यांनाच आता उमगत होते. खस कोरडी असेपर्यंत दुसरा वास आत दडून बसतो, पाणी पडले की उघडतो. एरवी ते पेंढी सोडून, दोन मुळ्या ओल्या करून हुंगत. या वेळीही ओल्या केल्या, हुंगल्या, आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. तो म्हणाला, "एक नंबर माल, काका." यांनी मान डोलावली.

"मान काहून डोलावली मी?" ते म्हणाले. "एवढ्या वर्षांची सवय. हुंगलं का मान डोलावतो."

तोपर्यंत बरीच घरे झाली होती. ताट्या काढून नव्या लावून देतो, त्याचे काही घेणार नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले. पण नव्या आणायच्या कुठून, आणि त्यांना हुंगायचे कुणी? आणि दुसरीच गोष्ट त्यांना जास्त जाळत होती. मुलगा अमोल पुण्याला असतो. दर दिवाळीला त्याचे एकच, बाबा, पुरे झाले, आईला घेऊन या, इथे आठव्या मजल्यावर वारा येतो, कूलर लागत नाही. बायको सुभद्राबाई मात्र दर वेळी नवऱ्याची बाजू घेत: ज्याले जे येते, ते करू दे त्याले. "आन् तेच जर आता येत नसन," चंपतराव म्हणाले, "तर ती कोणाची बाजू घेईन? एक फोन करन, आन् मी पुण्याले आठव्या मजल्यावर. बाई, कोणाले सांगू नका. तिले तर अजिबात नाही."

"तुम्ही स्वतः सांगा तिला."

"सांगतो न. हा हंगाम जाऊ द्या."

हंगाम म्हणजे दोन-अडीच महिने. तरी मी बरे म्हटले आणि मायाकडे पाहिले. ती म्हणाली, "मले काय पाहता? मी कोणाले सांगते?" मायाने सांगायचे नाही म्हटले की साधारण दोन गल्ल्यांना कळते, पण या वेळी तिने खरेच सांगितले नाही.

कूलरच्या ताट्या काढून आम्ही बाहेर ठेवल्या. नुसत्या पंख्याने भागेना. बेचाळीसच्या पुढे गेले की भिंतीसुद्धा ऊन ओकतात. पण त्या दिवसांत मला उकाड्यापेक्षा चंपतरावांनी जास्त हैराण केले. ते रोज येऊ लागले.

कधी मोटर पाहायला, कधी टाकीची गळती पाहायला. टाकी गळत नव्हती. येत, बसत नसत, घरभर फिरत. देवघरातला कापराचा डबा उघडून नाकाशी नेत. स्वयंपाकघरात हिंगाची डबी. यजमानांच्या कपाटात अजून त्यांची दाढीनंतरची ती निळी बाटली आहे. एकदा तीही त्यांच्या हातात दिसली. मला पाहताच त्यांनी झाकण लावून जागेवर ठेवली. त्यानंतर मी ती बाटली दोनदा उघडून पाहिली. मला तिचा वास येत होता आणि तरी समाधान होईना.

"कळमन्याच्या बाजारात जाऊन आलो आज," एकदा ते दारातूनच म्हणाले. "संत्र्याचा शेवटचा माल उतरून राहिला तिथं. ढिगात उभा राहिलो. काही नाही. मंग मिरचीच्या बाजूले गेलो. शिंका आल्या!" क्षणभर ते खुश दिसले. "शिंका येतेत, बाई. वास नाही येत."

"डॉक्टरकडे पुन्हा जा."

"डॉक्टर म्हणते, रोज तेच तेच हुंगा, डोक्याले आठवण द्या. म्हणून तर हुंगून राहिलो."

"मग घरी हुंगा ना."

"घरी ती आहे न."

त्यांच्या त्या येरझाऱ्यांनी माझेही चित्त थाऱ्यावर राहिले नाही. वाचायला बसले की वाटे, बाहेर मोपेड थांबली. वहीत त्या दिवसांत रोज एकच ओळ आहे: चंपतराव आले होते. इंदुताईंनी तोवर एसी घेतला होता आणि ओळखीच्या घरांत फोन फिरवून चंपतरावांना बोलवू नका म्हणून सांगितले होते. "माणूस वाईट नाही हो," त्या भिंतीवरून मला म्हणाल्या, "पण सोवळ्यात सुकट? आणि रोज तुमच्याकडे काय काम असतं त्यांचं?"

हाच प्रश्न घेऊन गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना एकदाच पाहिले होते, अमोलच्या लग्नात. ठेंगणी बाई, नऊवारी नाही, साधी पाचवारी, हातात कापडी पिशवी. रिक्षाने आल्या होत्या.

"तुमीच का बाई?"

"हो. या ना, आत या."

त्या आत आल्या नाहीत. "आमच्या यायचं रोज इकडं येणं होते. काहून येऊन राहिले, एवढं सांगा. बाकी मले काही नाही पाह्यजे."

मी शहात्तर वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि माझ्यावर हा आळ! हसावे की रागवावे ते कळेना. मागे माया पदराने तोंड दाबून उभी होती. मी म्हटले, कूलर दुरुस्तीला येतात.

"हप्ताभर? कूलर हाय का विमान?"

मी शब्द दिला होता; दुसरे काय सांगणार? पाणी पिऊन जा म्हटले. त्या आत आल्या, बसल्या, पेला हातात घेतला, आणि पेला तसाच धरून त्यांनी खिडकीकडे मान वळवली. खिडकीबाहेर भिंतीला टेकवलेल्या ताट्या होत्या आणि त्यांच्या सावलीत मांजर.

"सुकट," त्या म्हणाल्या. मग, "यायनं लावल्या त्या ताट्या?"

मी खिडकी लावायला उठले.

"असं हाय तर." पेला त्यांनी खाली ठेवला. "सगळ्याइच्या घरी असंच लावून ठेवलं असन."

"सुभद्राबाई, त्यांनीच तुम्हाला सांगायला हवं. मी..."

"काय सांगायले हवं? नाक गेलं ते? मले माहीत हाय ते. संक्रांतीपासून माहीत हाय." त्या माझ्यावरच चिडल्यासारख्या बोलत होत्या. "तिळगुळात विलायची टाकायची राहून गेली माझी. यायनं खाल्ला आन् म्हणते, वा, विलायचीचा वास काय मस्त! मी म्हटलं, असं का? मंग दुसऱ्या दिवशी चहात नाही टाकली. तरी, वा! तवापासून आमच्या घरी विलायची बंद हाय. रोज बिनाविलायचीचा चहा देते. रोज वाट पाहून राहिली, आज सांगतीन, उद्या सांगतीन. रोज म्हणते, वा!"

"मंग तुमीच काहून नाही विचारलं, मावशी?" मायाला राहवले नाही.

"मी काहून विचारू? नाक कोणाचं? त्यायचं. सांगायचं कोणी? त्यायनं." पेल्याखालचे पाणी त्यांनी पदराने पुसले. "तुमाले सांगितलं. हिले बी सांगितलं. मले नाही सांगितलं."

मोपेडचा आवाज आला. चंपतराव फाटकातून आत येता येता काहीतरी बोलत होते, पंप, पाना, असे. दारात येऊन बायकोला पाहिले आणि हातातला पाना पिशवीत ठेवला, पुन्हा काढला.

"तू इथं कशी?"

"विलायची मागायले आली," सुभद्राबाई म्हणाल्या. "आपल्या घरची संपली न, जानेवारीतच."

चंपतरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते हळूच चौकटीला टेकले.

"सगळाच चहा?"

"सगळाच."

"आन् त्या दिवशी अमोल आला होता, तवा बी?"

"त्याच्या कपात होती. तुमच्या नव्हती."

माया हसली आणि मग सगळेच, चंपतराव सोडून. ते म्हणाले, "अमोलले सांगितलं का तू?"

"सांगाले फोन घेतला होता हातात. दोन खेपा." त्या नवऱ्याकडे न पाहता बोलत होत्या. "मंग म्हटलं, आठव्या मजल्यावर हे काय करतीन? लिफ्टमंधी वरखाली होऊन राहतीन दिवसभर. पण एक सांगून ठेवते. वाडीले आता एकटं जायचं नाही. मी येते."

"बाजारात? बायकोले घेऊन? सारे हमाल हसतीन."

"आता का कमी हसून राहिले? अर्ध्या प्रतापनगरात सुकट वाटली तुमी! चला."

"आज?"

"मंग कवा? पावसाळ्यात?"

ती दोघे मोपेडवर बसून गेली. सुभद्राबाई मागे, पिशवी मांडीवर, दोन्ही हात नवऱ्याच्या खांद्यापासून जरा दूर. मी फाटकाशी उभी राहून पाहत होते, आणि मला वाटत होते की आता माझ्या जिवाला जरा स्वस्थता येईल. आली नाही. दुपारभर मी घड्याळ पाहत होते. सुभद्राबाईंना मिरचीचा आणि दुधाचा वास कळतो, सुकटीचा कळतो. पण चांगली खस आणि बरी खस यातला फरक? तो तर मलाही कधी कळला नाही. त्यासाठीच चंपतराव होते.

दोन दिवसांनी ते ताट्या घेऊन आले. ऑटोत ताट्या, मागे मोपेडवर दोघे. वाडीला काय झाले ते सुभद्राबाईंनीच सांगितले, कारण चंपतराव कामाला लागले होते. त्यांनी तीन गोडाउने पाहिली. सुभद्राबाईंनी बाटलीतले पाणी टाकून मुळ्या ओल्या केल्या, हुंगल्या. चंपतराव शेजारी उभे राहून विचारत, कसा हाय? त्या सांगत, चांगला हाय. "चांगला म्हणजे कसा?" "चांगला म्हणजे चांगला!" हे एवढ्या मोठ्याने चालले की गोडाउनातले हमाल पोती टाकून जवळ आले आणि प्रत्येकाने हुंगून आपापले मत दिले. एकाने म्हटले, विहिरीसारखा. दुसरा म्हणाला, शाळेच्या नव्या पाटीसारखा. चंपतरावांनी त्याला जवळ बोलावून पुन्हा विचारले, पाटी कोरडी का ओली? तो म्हणाला, ओली. त्याच पेंढ्या घेतल्या.

ताट्या बसल्या. मोटर लावली, पाणी सुटले. आम्ही नेहमीप्रमाणे गप्प झालो. चंपतराव कूलरसमोर उभे राहिले, पण डोळे त्यांनी मिटले नाहीत. ते बायकोकडे पाहत होते. सुभद्राबाई पदर सावरून पुढे झाल्या, वाऱ्यात तोंड धरले. इतका वेळ लागला की मायाने मला कोपराने ढोसले.

"आला," सुभद्राबाई म्हणाल्या.

"नक्की?"

"आला म्हटलं न."

"कुठपर्यंत? तिकडं देवघरात जाऊन पाह्य."

त्या देवघरात जाऊन आल्या. "तिथं बी आला."

"कसा वं?"

"आता मी कसं सांगू? तुमी कवा सांगितलं होतं आमाले?"

ते खरे होते. त्यांनी इतकी वर्षे फक्त "आला" म्हटले. काय आले ते कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. ते माझ्याकडे वळले. मी शिकलेली, मी रोज लिहिणारी. मी नाक वर केले. वास येत होता, ओळखीचा, दर वर्षीचा, पण त्याला धरावा असा शब्द मला सापडेना. ओल्या मातीचा म्हटले तर तो तसा नाही. गार म्हटले तर ते नाकाचे नव्हे. मी मराठीत शोधले, मग इंग्रजीत शोधले. शेवटी म्हणाले, "दर वर्षीसारखाच आहे, चंपतराव."

"दर वर्षीसारखा," त्यांनी म्हटले. ते समाधान नव्हते. त्यांनी हात वाऱ्यात धरला, बोटे उघडून, पाणी चाचपून पाहावे तसा. मग खुर्चीवर बसले आणि मी चहा दिला. त्यांनी घोट घेतला, थांबले, आणि बायकोकडे पाहत म्हणाले, "यात हाय का?"

"हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "बाईनं टाकली. मी पाहिली."

"वा," ते म्हणाले, आणि या वेळी तेही हसले. पण चहा संपायच्या आत उठले, ताटीचा कोपरा दाबला, पुन्हा विचारले, "अजून येऊन राहिला न?" जाताना फाटकातून पुन्हा विचारले. सुभद्राबाईंनी मोपेडवर बसता बसता सांगितले, "येऊन राहिला, येऊन राहिला. चला आता, चार घरं राहिली." इंदुताईंच्या फाटकासमोर मोपेड हळू झाली, आणि तशीच पुढे गेली.

संध्याकाळी मी घरभर फिरले. देवघर, स्वयंपाकघर, यजमानांचे कपाट. खसचा वास सगळीकडे होता आणि मी प्रत्येक ठिकाणी थांबून तो कसा आहे ते शोधत होते. एकदा वाटले, आता सापडला. वहीपर्यंत येईतो गेला. फोन उचलून चंपतरावांना काहीतरी सांगावेसे वाटले, पण काय सांगणार? मग दिवा लावला, वही उघडली, तारीख घातली, आणि जे झाले होते ते लिहिले:

कूलरला नव्या ताट्या बसल्या. टाकी भरली. जुन्या ताट्या मायाने मागच्या भिंतीशी नेऊन ठेवल्या. मांजर त्यांवर झोपले आहे.